परदेशातला पहिला हिवाळा, परदेशातला पहिला नाताळ
(आगमनकाळासाठी अभ्यासपाठ)



आगमनकाळ आला की आपल्या आरेत थंडीही उतरते. गोरेगाव स्टेशनाकडे अजून पंखे फिरत असतात, पण आरेच्या झाडीतून सकाळच्या मिस्सेला येताना खांद्यावर शाल लागते. पाड्यांवर शेकोट्या पेटतात. घराघरांत कुलकुलांचे पीठ मळले जाते, न्हेवऱ्यांसाठी खोबरे किसले जाते आणि मुले गोठ्यासाठी सुके गवत गोळा करत हिंडतात.

हे सगळे चालू असताना काही घरांत यंदा एक खुर्ची रिकामी असते. कुणाचा मुलगा शिकायला कॅनडाला गेलेला असतो, कुणाची मुलगी इंग्लंड किंवा आयर्लंडमध्ये नर्स म्हणून रुजू झालेली असते, कुणाचे यजमान आखातात असतात. त्यांचा तो परदेशातला पहिला हिवाळा आणि पहिला नाताळ. व्हिसा, तिकीट, फी, बॅग यांची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. या एका महिन्याची तयारी मात्र सहसा कोणी करत नाही. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टींचा विचार करू या: जाणाऱ्याला काय सोसावे लागते, देवशब्द त्याविषयी काय सांगतो, आणि मागे राहिलेल्या आपण काय करावे.

१. पहिला हिवाळा कसा असतो

थंडीची कल्पना सगळ्यांनाच असते. जाड जाकीट, हातमोजे, लोकरीची टोपी हे सामान आपण इथूनच भरून देतो. खरे तर तिकडे गेल्यावर घेतलेले बर्फातले बूट आणि एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे अधिक उपयोगी पडतात. पण थंडीपेक्षा जड जातो तो अंधार, आणि त्याची कल्पना आपल्याला नसते.

मुंबईत डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. टोरांटोत तो जेमतेम नऊ तासांचा आणि लंडनमध्ये आठ तासांहूनही कमी असतो. लंडनला त्या दिवसांत दुपारी चार वाजण्याआधीच सूर्य मावळतो. सकाळी अंधारात घर सोडायचे आणि अंधारातच परतायचे, असे आठवडेच्या आठवडे जातात. झोप वाढते, अंग जड होते, कशात मन लागत नाही, उगाच रडू येते. आपला मुलगा आळशी झाला असे आपल्याला वाटते. त्यालाही तसेच वाटू लागते. पण उजेड कमी झाल्यामुळे येणारी ही उदासी डॉक्टरांच्या ओळखीची आहे. १९८४ साली अमेरिकेतील संशोधकांनी तिचे रीतसर वर्णन करून तिला नाव दिले. तिच्यावर उपाय आहेत: सकाळचा जो काही उजेड असेल त्यात रोज बाहेर चालणे, खिडकीजवळ बसून काम करणे, ठरलेल्या वेळी उठणे, आणि उदासी हटत नसेल तर डॉक्टरांकडे जाणे. ब्रिटनची आरोग्यसेवा शरद ऋतू आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असेही सुचवते. आपल्या लेकरांना हे कोणीतरी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि कॅनडात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात. म्हणजे लंडन आपल्यापासून साडेपाच तास आणि टोरांटो साडेदहा तास मागे जाते. आई नेहमीच्या वेळी फोन करते आणि तो उचलला जात नाही. लेक तेव्हा वर्गात असते किंवा कामावर असते. आधीच एकटेपण, त्यात बोलण्याची वेळही चुकते.

तिसरी गोष्ट खुद्द नाताळाची. आपल्याला वाटते, ख्रिस्ती परंपरेचा देश आहे, तिथे नाताळ किती थाटाचा असेल! रस्त्यांवर रोषणाई असते, हे खरे. पण तिथला नाताळ बहुतेक बंद दारांआड, आपापल्या कुटुंबात होतो. आपल्याकडे मिस्सा सुटल्यावर शेजारीपाजारी कुस्वाराची ताटे फिरतात, तसे तिथे सहसा होत नाही. लंडनमध्ये २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि बस बंद असतात. मोठी दुकाने त्या दिवशी बंदच ठेवावीत असा इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ साली कायदा झाला आहे. ज्याचे तिथे कोणी नाही त्याच्यासाठी तो वर्षातला सर्वांत सुना दिवस ठरू शकतो. शिवाय डिसेंबर हा दुकाने आणि गोदामे यांच्या गर्दीचा महिना. शिकणाऱ्या मुलांना नेमके तेव्हा जास्त काम मिळते आणि पैशांसाठी ते घ्यावेही लागते.

आखातातले चित्र वेगळे आहे. तिथला हिवाळा सुखद असतो, पण संयुक्त अरब अमिरातीत नाताळची सार्वजनिक सुट्टी नसते. दिवसभर काम करून संध्याकाळी चर्च गाठावे लागते, आणि तिथे उभे राहायलाही जागा नसते. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली. त्याआधी कित्येक वर्षे आपल्या माणसांनी रविवारची उपासना शुक्रवारी केली आहे. सौदी अरेबियात तर चर्चच नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी घरी कोणी बोलत नाही. परदेशी जाण्यासाठी अनेकदा कर्ज काढलेले असते, दागिने गहाण पडलेले असतात. त्यामुळे मुलाला वाटते, मला रडण्याचा हक्क नाही. "सगळं ठीक आहे" एवढेच तो सांगतो. आईला आवाजावरून कळते, पण तीही विचारत नाही, कारण विचारले तर तो परत येतो म्हणेल अशी भीती असते. दोन्हीकडचे हे मौन थंडीपेक्षा आणि अंधारापेक्षा धोक्याचे आहे.

२. देवशब्द काय सांगतो

पहिला नाताळच मुळी घरापासून दूर झाला. संत लूक दुसऱ्या अध्यायात सांगतो, की शिरगणतीसाठी योसेफ आणि मरिया नाझरेथहून बेथलेहेमला निघाले. हा शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. पहिलटकरणीजवळ तिची आई नाही, ओळखीची सुईण नाही, उतरायला जागा नाही. बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले. आपण म्हशींच्या तबेल्यांच्या वस्तीत राहतो. गोठ्यातली रात्र कशी असते हे आरेकरांना वेगळे सांगायला नको. शेणामुताचा वास, डास, जनावरांचे हुंकार. आपल्या सजवलेल्या गोठ्यात हे काही नसते, पण मरियेला ते सगळे सोसावे लागले.

तिथे भेटायला प्रथम कोण आले? नातेवाईक नव्हे. त्या मुलखात रात्रीची राखण करणारे मेंढपाळ आले. म्हणजे प्रभूच्या जन्माचा आनंद साजरा झाला तो परगावातून आलेले कुटुंब आणि स्थानिक कष्टकरी एकत्र आल्याने. पुढे मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात हेच कुटुंब हेरोदाच्या भीतीने इजिप्तला पळते. पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी एक महत्त्वाचा दस्तऐवज काढला. त्यात त्यांनी इजिप्तला गेलेल्या या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबांचा आदर्श म्हटले. परदेशातल्या खोलीत एकट्याने नाताळ काढणाऱ्या मुलीला आपण हे सांगू शकतो, की तू नाताळापासून लांब गेलेली नाहीस. बेथलेहेमच्या फार जवळ आली आहेस.

दुसरा उतारा संदेष्टा यिर्मयाच्या २९व्या अध्यायातला. यरुशलेमचे लोक बाबिलोनला बंदिवासात नेले गेले होते. काही खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते, की लवकरच सुटका होईल, इथे जीव लावू नका. यिर्मयाने मात्र पत्र पाठवून उलट सांगितले: घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. त्याच बाबिलोनच्या नदीकाठी बसून रडणाऱ्यांचे गाऱ्हाणे १३७व्या स्तोत्रात आहे. पवित्र शास्त्राने दोन्ही जपले आहे, रडणेही आणि मळा लावणेही. घरची आठवण येऊन रडणे ही श्रद्धेतली उणीव नाही. पण नुसते रडत बसू नये. जिथे आहोत तिथे काहीतरी लावावे.

३. आपल्या इतिहासातली दोन उदाहरणे

आरेच्या शेजारी, सीप्झच्या आवारात, संत जॉन इव्हँजेलिस्ट यांच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. ते चर्च १५७९ साली बांधले गेले असे सांगतात. त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर रोजी, एक तरुण इंग्रज येशूसंघीय गोव्याच्या बंदरात उतरला. लिस्बनहून निघून त्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. ते फादर थॉमस स्टीफन्स. बर्फाच्या देशातून आलेल्या या माणसाचा पहिला नाताळ माडांच्या सावलीत झाला. उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आतच, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात प्रवासाचे हाल आहेत आणि इथल्या माडीची व नारळाची हकिगतही आहे. आजची मुले फोनवर नवे नवे फोटो पाठवतात, तसेच ते.

फादर स्टीफन्स पुन्हा मायदेशी गेले नाहीत. त्यांनी इथली भाषा मनापासून आत्मसात केली, आणि १६१६ साली त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत आपल्याला मिळाली ती एका परदेशी माणसाकडून. त्यांनी गोव्यात इंग्लंड शोधत आयुष्य काढले असते तर हा ठेवा आपल्याला मिळाला नसता.

दुसरे उदाहरण आपल्या वसईचे. संत गोन्सालो गार्सिया किशोरवयातच वसईहून जपानला गेले. तिथली भाषा शिकले, येशूसंघीयांना धर्मशिक्षणात मदत केली, नंतर व्यापार केला, आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ साली ते फादर पीटर बाप्टिस्ट यांच्याबरोबर जपानला परतले ते दुभाषी म्हणून. एकेकाळी ज्या देशात ते परके होते, तिथे आता नव्याने आलेल्यांचा आवाज झाले. डिसेंबर १५९६ मध्ये त्यांच्या मठावर पहारा बसला. त्यांचा शेवटचा नाताळ पहाऱ्याखाली गेला. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला, भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत वाटचाल झाली, आणि ५ फेब्रुवारीला पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली ते संत घोषित झाले.

हे दोघे थोर होते. आपली मुले साधी आहेत. पण दोघांच्या आयुष्यातून एकच वाट दिसते: आधी पाहुणा, मग शिकणारा, आणि शेवटी दुसऱ्याला हात देणारा. आपल्या मुलांनाही हीच वाट दाखवायची आहे.

४. जाणाऱ्यांसाठी काही सूचना

- नाताळच्या दिवशी चर्च शोधू नका. आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी जवळचे चर्च गाठा. मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका. धर्मगुरूंना भेटून नाव सांगा, घरापासून दूर हा पहिलाच नाताळ आहे हेही सांगा.
- तिथे एखादे काम मागून घ्या: गायनवृंद, गोठा बांधणे, खुर्च्या मांडणे. मिस्सेत मागच्या बाकावर बसणाऱ्याला कोणी ओळखत नाही. खुर्च्या मांडणाऱ्याला दोन आठवड्यांत सगळे ओळखतात.
- २५ तारखेच्या जेवणाचे सामान आधी आणून ठेवा. त्या दिवशी चर्चला कसे जायचे तेही आधी ठरवा. गाडी असलेल्या कोणाला तरी विचारायला लाजू नका.
- कोणी जेवायला बोलावले तर जा. बोलावले नाही तर तुम्ही बोलवा. आपल्यासारखीच एकटी मुले शेजारच्या खोलीत असतात, मग ती कोणत्याही धर्माची असोत. कुलकुल वळायला काट्याची पाठ पुरते; चार जणांनी मिळून वळले की घर उभे राहते.
- फार जड वाटत असेल तर लपवू नका. कॅनडात ९८८ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ या क्रमांकांवर दिवसरात्र कोणीतरी ऐकायला असते. मदत मागणे म्हणजे हरणे नव्हे.

५. घरच्यांसाठी काही सूचना

- नाताळच्या फोनची वेळ आधी ठरवा. आरेत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा लंडनमध्ये २४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा आणि टोरांटोत दुपारचा दीड वाजलेला असतो.
- फोन वीस नातेवाइकांच्या हातांतून फिरवू नका. ताटातले पदार्थ एकेक करून दाखवणे आपल्याला प्रेमाचे वाटते. पाहणाऱ्याचा घास अडकतो. आधी त्याचे ऐका.
- "जेवलास का?" यापुढे बोलणे जात नसेल तर एक सोपा मार्ग आहे. त्या रविवारची वाचने आरेत आणि टोरांटोत एकच असतात. दोन्हीकडे तेच शुभवर्तमान वाचा आणि त्यावर दोन वाक्ये बोला. बोलण्याला धागा मिळतो.
- कर्जाची आठवण या महिन्यात तरी काढू नका. उलट एकदा स्पष्ट सांगा: तुला जड जात असेल तर आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही. हे एक वाक्य पाठवलेल्या कोणत्याही डब्यापेक्षा मोलाचे आहे.
- डबा पाठवायचा असेल तर आधी त्या देशाचे नियम पाहा. मांस आणि दुधाचे पदार्थ अनेक देशांत आणू देत नाहीत. सोरपोतेल आणि मिल्क क्रीम विमानतळावरच टाकून द्यावे लागण्याची शक्यता असते.

६. आपल्या दारातले परदेशी

आपली मुले परक्या धर्मग्रामात दार ठोठावत असताना आपल्या दारात कोण उभे आहे, हे पाहिल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

आरे हे तसे आलेल्यांचेच गाव. १९४९ साली शहरातले म्हशींचे गोठे इथे हलवायचे ठरले आणि दुग्धवसाहत उभी राहिली. त्याआधीपासून पाड्यांवर राहत आलेले वारली आणि इतर आदिवासी बांधव इथले खरे यजमान. बाकी आपण सगळे कधी ना कधी सामान घेऊन आलेले. आजही माणसे येतच आहेत. तबेल्यात म्हशींशेजारी बाज टाकून झोपणारा उत्तरेकडचा तरुण, इमारतीच्या दाराशी रात्रपाळी करणारा पहारेकरी, झारखंड किंवा छत्तीसगडहून घरकामाला आलेली ख्रिस्ती मुलगी, केरळहून आलेली नवी नर्स. त्यांच्यातल्या कुणाचा तरी हा घरापासून दूर पहिला डिसेंबर असतो. रविवारी मिस्सेत मागच्या बाकावर बसून, न बोलता निघून जाणारी ती मुलगी म्हणजे कुणाच्या तरी घरची रिकामी खुर्ची आहे.

मत्तयच्या २५व्या अध्यायात प्रभू स्वतःला परक्यांमध्ये मोजतो. परक्याला घरात घेणाऱ्याने मला घेतले, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ आहे. लेवीय १९मध्ये परमेश्वर आपल्या लोकांना आठवण देतो, की तुम्हीही इजिप्तमध्ये परके होता, म्हणून परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा. ज्या घरातले मूल आज परदेशी आहे त्याला ही आज्ञा सर्वांत लवकर समजावी. आपल्या लेकीला टोरांटोत कोणीतरी जेवायला बोलवावे अशी आपण प्रार्थना करतो. तशीच प्रार्थना दूरच्या एखाद्या गावात एक आई करत असेल, आणि तिचे उत्तर आपल्या हातात असेल.

म्हणून प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने या आगमनकाळात दोन याद्या कराव्यात. एक, आपल्या समूहातून यंदा परदेशी गेलेल्यांची. त्यांच्यासाठी नावानिशी प्रार्थना करावी आणि प्रत्येकाला एकाने तरी पत्र किंवा निरोप पाठवावा. दुसरी, आपल्या परिसरात यंदा नव्याने आलेल्यांची. त्यांतल्या प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या घरी नाताळचे जेवण मिळेल असे पाहावे. रिकामी खुर्ची मांडून ठेवण्यापेक्षा तिच्यावर कोणाला तरी बसवावे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातले किंवा नात्यातले कोण यंदा पहिल्यांदाच घरापासून दूर नाताळ साजरा करत आहे? त्यांच्याशी आपण शेवटचे निवांत कधी बोललो?
२. आपले आईवडील किंवा आजीआजोबा आरेत प्रथम आले तेव्हा त्यांना कोणी आधार दिला?
३. रविवारच्या मिस्सेत दिसणारा, पण ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, असा कोण आहे? येत्या रविवारी त्याचे नाव विचारू या का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू परगावी जन्मलास आणि लहानपणीच परदेशी राहिलास. आमची जी लेकरे आज अंधारलेल्या दुपारी आणि परक्या घरांत आहेत, त्यांच्याजवळ राहा. त्यांना बोलण्याचे धैर्य दे आणि आम्हांला ऐकण्याचे. त्यांच्यासाठी तिथे एखादे दार उघड, आणि आमच्या दाराशी आलेल्यांसाठी आमचे दार उघडायला आम्हांला शिकव. आमेन.